निंबदऱ्याचा डावा बुरूज

१

वेस पडली ती भर खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पडली म्हणजे पडद्यावर. खरी निंबदऱ्याची वेस तिकडे औशाच्या पलीकडे आपल्या जागी धडधाकट उभी होती. पण नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणकाने तिला त्र्याण्णव सालच्या भूकंपाचे हादरे दिले, आणि डावा बुरूज आधी फुगला, मग खचला, मग कमानीला घेऊन खाली आला. समोर रस्ता रुंद करायला टपलेले दोन सरकारी साहेब बसले होते. वेस मजबूत ठरली तर रस्ता वळवायचा, कच्ची ठरली तर वेस पाडायची, असा करार होता. त्यांच्या हातात आता आयतंच कोलीत मिळालं.

मागच्या बाकावर निंबदऱ्याची सरजाबाई होती. वेशीतल्या मारुतीची दिवाबत्ती तिच्या घराकडे. ती उठून उभी राहिली.

"ह्ये काय दावून राहिले साहेब? भूकंपात आमची घरं पडली, येस न्हाई पडली. म्या लेकरू काखंला घिऊन तिच्याच खाली हुबी हुते."

ज्याने हे मॉडेल केलं तो आनंदराज गजभारे माऊस धरून तसाच बसून होता. कंधारकडचा पोरगा, कंत्राटी नोकरी. त्याचा चेहरा पार उतरला होता. "सर, परवा माझी वेस पडत नव्हती," एवढंच तो म्हणाला.

हे 'सर' म्हणजे बापूसाहेब. विभागाचे निवृत्त प्रमुख आणि आता सल्लागार. भूकंपानंतर गावोगाव फिरून पडक्या भिंतींचा अभ्यास केलेला माणूस, अख्खा मराठवाडा त्यांना ओळखायचा. निंबदऱ्याचा बुरूज वरून दगडाचा, दीड हात जाडीचा, आणि आतून मातीचा, ही वेस पुढचा भूकंप बघत नाही, असं त्यांनी त्याच साली लिहून ठेवलं होतं. ते सरजाबाईजवळ गेले, हात जोडले.

"बाई, काळजी करू नका. कमरेला कट्यार लावून मारुती उभा आहे तुमचा. तो बघून घेईल." मग ते शेजारी उभ्या असलेल्या विनीताकडे वळले. विनीता प्रयोगशाळेची प्रमुख आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी. "माझे गुडघे गेले, विनीता. ऑपरेशननंतर वर्ष झालं, निंबदऱ्याचं तोंड पाहिलं नाही, नाहीतर मीच पाहिलं असतं. चूक कुणाची ते तू शोध. चुका काढण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. सोमवारी बैठक आहे. आनंदराजची चूक ठरली तर त्याचं कंत्राट संपलं, आणि वेसही गेली."

विनीता मान हलवून हो म्हणाली. आनंदराजकडे तिने बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर हसू लपलं नसतं.

२

आता खोटं कशाला बोला? विनीताला आनंद झाला होता. तोंडात साखर पडावी असा.

ती लातूर बोर्डाच्या गुणवत्ता यादीतली मुलगी. लातूर पॅटर्नचा डंका तिच्याच पिढीने पिटला. पेढा भरवतानाचा तिचा फोटो वर्तमानपत्रात आला होता आणि तेव्हापासून कुठल्याही खोलीत पहिली असण्याची तिला सवय लागली होती. आणि मग हा गजभारे आला. निंबदऱ्याची वेस भरायला विनीताने मागचा अख्खा उन्हाळा घालवला होता. तिला जमलं नाही. त्याला आषाढात जमलं.

'भरायची' म्हणजे काय, तर स्कॅनर लेसरने दगडाचं फक्त वरचं अंग चाचपतो. त्यातून हाती येते ती नुसती साल, बारीक त्रिकोणांच्या जाळीची, आत काही नाही. पोकळ करंजीच म्हणा. हादरे द्यायचे तर ही साल आधी कुठेही भोक न ठेवता शिवून घ्यावी लागते आणि मग आतली सगळी जागा बारीक बारीक तुकड्यांनी भरावी लागते, करंजीचा बुंदीचा लाडू करावा लागतो. साल कुठे स्वतःलाच छेदत असली तर भरण अडतं. निंबदऱ्याच्या डाव्या बुरुजाच्या पाठीवर पिंपळ उगवला आहे. त्याच्या मुळ्यांनी तिथली साल अशी काही गुंतायची की विनीताने हात टेकले होते. आनंदराजने एकेक मूळ सोडवून तो बुरूज भरला. त्याआधी बुरुजात बारीक छिद्र पाडून कॅमेरा सोडला, तर आत माती नव्हतीच, चुन्यात बसवलेला भरीव दगड होता.

विभागाच्या कार्यक्रमात कुणीतरी माइकवर बोलूनही गेलं, "बापूसाहेबांना पंचवीस वर्षांत जे दिसलं नाही ते या पोरानं दाखवलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी सगळ्यांत जास्त. त्या वेशीचं मोठं चित्र कॉरिडॉरमध्ये लागलं आणि स्वतःच्या केबिनकडे जाताना रोज विनीताला ते ओलांडावं लागायचं. रोज ती थांबायची, रोज त्यात खोट शोधायची. कमान, दोन बुरूज, उजव्या खांबाच्या आतल्या अंगाला मारुतीचा गोल गोळा. खोट काही सापडली नाही.

तिने आनंदराजला केबिनमध्ये बोलावलं.

"बुरूज भरायचा राहून गेला तुझ्याकडून?"

"नाही मॅडम. भरला होता."

"पुरावा?"

"तो त्या फाइलमध्येच होता. आता तिथं दुसरीच फाइल आहे, नाव तेवढं माझ्या फाइलचं." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "साल माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. पुन्हा भरून दाखवीन. पण आता दाखवलं तर म्हणतील, चूक झाल्यावर सारवासारव करून राहिला. तुम्हीपण म्हणाल."

विनीताने त्याला जायची खूण केली. तो गेल्यावर तिने फाइल उघडली आणि वेस मधोमध कापून बघितली. डावा बुरूज आतून पोकळ होता. सापडली एकदाची खोट, असं म्हणून ती खुर्चीत मागे रेलली. आणि लगेच पुन्हा पुढे झाली.

पोकळी फार नेटकी होती. वरून खालपर्यंत बुरुजाला एकसारख्या जाडीची भिंत, दीड हाताची, कुठे कमी नाही की जास्त नाही. भरायचं राहून गेलं असतं तर भिंतीला जाडीच आली नसती, आणि नुसत्या सालीवर संगणकाने हादऱ्याचं गणित केलंच नसतं. विसरणारा माणूस भिंतीला जाडी देत बसत नाही. ही जाडी कुणीतरी मुद्दाम दिली होती. भरलेला लाडू आतून उकरला असता तर पोकळी खडबडीत दिसली असती, तीही नव्हती. म्हणजे कुणीतरी सालीपासून नव्याने सगळं घडवलं होतं.

चूक आनंदराजची निघावी म्हणून तिने पुन्हा तपासलं. निघाली नाही. तिचं तोंड कडू झालं.

३

प्रयोगशाळेची किल्ली आनंदराजकडे, मुग्धाकडे आणि बापूसाहेबांकडे होती, आणि अर्थात स्वतः विनीताकडे.

मुग्धा नांदेडच्या प्राध्यापकाची मुलगी, आनंदराजच्याच जागेवर डोळा ठेवून बसलेली. आडवळणाने विचारायचं म्हणून विनीताने सुरुवात केली, तर तीच सरळ बोलली.

"मॅडम, वेस पडली तेव्हा मला बरं वाटलं. तुम्हालाही वाटलंच की. मी बघितलं तुमच्याकडे." विनीताचे कान तापले. "पण मी काही केलं नाही. मी मातीवाली, पायाखालची माती तपासणारी, मला ते भरणं येतंय कुठं? आणि श्रावणाच्या आधीपासून दिवाळीपर्यंत मी पुण्याला कोर्सला होते. येऊन आठवडा झाला नाही."

ते खरंच होतं, विनीतानेच तिचा रजेचा अर्ज पुढे पाठवला होता.

राहिला यज्ञेश. आनंदराजच्या आधी वेशीचं काम त्याच्याकडे होतं. ते अर्धवट टाकून तो लातूरला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायला गेला. त्याच्या वेळचा पासवर्ड कुणी बदलला नव्हता, आणि शिपायाशी त्याची दोस्ती होती. तेव्हा विनीताने बदललेल्या फाइलमधल्या वेशीची चित्रं छापून घेतली आणि लातूरची एसटी धरली.

लातुरात ज्या गल्लीत ती शिकताना सायकलवरून जायची, तिथे आता माणसांपेक्षा पाट्या जास्त होत्या. प्रत्येक पाटीवर हसरी पोरं आणि त्यांचे गुण. पाठीला दप्तर आणि हातात मेसचा डबा घेऊन खरी पोरं त्या पाट्यांखालून चालली होती, ती काही हसत नव्हती. यज्ञेश तीनशे पोरांच्या हॉलमधून माइक काढत बाहेर आला.

"काय मॅडम, इकडं कशा काय? वेस पडली म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"नांदेडात काय लपून राहतं का?" तो हसला. "माझ्यावर शक असंल तर सांगून टाका. मी जळायचो त्याच्यावर, हाव. म्हणून तर इकडं पळून आलो. इथं जळायला टाइम नाही, सकाळपासून चार बॅच असतात."

तिने चित्रं पुढे केली. "बुरुजाची ही पोकळी बघ. कुणाच्या हाताची वाटते?"

यज्ञेशने बुरूज बघितला, खांदे उडवले. मग त्याची नजर उजव्या खांबावर गेली आणि तिथेच थांबली. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला.

"मॅडम, हा मारुती कुठला?"

"म्हणजे?"

"चैत्रात मी अन् आनंदराजनंच स्कॅन केला. पहिला आणि शेवटचा. आपला मारुती म्हणजे शेंदराचा गोळा, नाक नाही, डोळा नाही. इथं तर हात हाय, गदा हाय, शेपूट डोक्यावरून गेलीय. ही आपली वेस नाही."

विनीताने कागद ओढून घेतला. कॉरिडॉरमधल्या चित्रात मारुती कसा होता हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. प्रेमाने बघणारा वरवर बघतो, मत्सराने बघणारा कणन् कण बघतो. त्या चित्रासमोर ती रोज उभी राहत होती. तिथे गोळा होता. इथे बारीक अंगाचा, पाय रोवून उभा मारुती होता, आणि ही गोष्ट आपल्याला आधी कशी दिसली नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली. बुरुजातली पोकळी सापडल्यावर तिने दुसरीकडे पाहिलंच नव्हतं.

४

लातूरहून ती तशीच औशाला आणि तिथून जीपने निंबदऱ्याला गेली.

वेस तीच होती. तोच पिंपळ, तीच कमान. सरजाबाई मारुतीपुढे वात लावत होती, आणि मारुती कागदावरच्यासारखा होता. ताज्या शेंदराचा पातळ थर, आणि त्याखाली नाक, डोळे, गदा, सगळं स्वच्छ.

"आधी असा नव्हता ना हा?" विनीताने विचारलं.

"न्हाई वो. देवानं खोळ टाकली न्हवं का." सरजाबाईने पदर सावरला. "वरसानुवरसं शेंदूर चढतो, थरावर थर. मग एक दिस समदं आपसूक गळून पडतं. श्रावणातल्या शनवारी पडली बगा. वाजतगाजत नदीला नेली खोळ, समद्या गावानं जेवण केलं. माज्या सासूनं सुदिक देवाचं तोंड बगितलं न्हवतं. म्या बगितलं."

"श्रावणातच?"

"श्रावणातच. त्येच्या आदी गोळाच हुता."

विनीता वेशीच्या पायरीवर बसली आणि तिने मनात एकेक धागा सोडवला. बदललेली फाइल सालीपासून नव्याने घडवलेली आहे. आनंदराजची आणि प्रयोगशाळेची साल एकच, चैत्रातली, गोळ्याच्या मारुतीची. मग ही साल श्रावणानंतर कुणीतरी वेगळा स्कॅन करून मिळवलेली. यज्ञेश नाही, त्याने तर हा मारुती ओळखलाच नाही. मुग्धा नाही, ती पुण्यात होती. आनंदराजला दुसऱ्या सालीची गरजच नव्हती. स्कॅनर घेऊन इथे आलं कोण?

"शहरातलं कुणी आलं होतं का, मशीन घेऊन?"

"आता काय सांगू? खोळ पडल्यावर मस फोटूवाले आले. लातूरचे, उदगीरचे, हैद्राबादचे. म्या कुणाकुणाला वळखू?" सरजाबाई मारुतीच्या कमरेशी बोट नेत म्हणाली, "अन् ह्ये बगा, ह्ये तर कुणालाच म्हाईत न्हवतं. समद्यांनी श्रावणातच पयल्यांदा बगितलं."

विनीता वाकली. मारुतीच्या कमरेला कट्यार होती.

ती पायरीवर परत टेकली. सरजाबाईने पाणी आणून दिलं ते तिने नुसतं हातात धरलं.

५

बापूसाहेब ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. विनीताला बघून त्यांचा चेहरा खुलला. आत त्यांच्या पत्नी, उमादेवी, चहा टाकत होत्या.

"मिळाली का चूक?"

"मिळाली, सर. आधी एक विचारते. निंबदऱ्याच्या मारुतीला कट्यार आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? पंचवीस वर्षं बघतोय मी तो मारुती."

"पंचवीस वर्षं तो शेंदराचा गोळा होता. श्रावणात त्याने खोळ टाकली, तेव्हा ज्यांच्या घरची दिवाबत्ती आहे त्यांनीही कट्यार पहिल्यांदा बघितली. तुम्ही तर वर्षभर तिकडे गेला नाहीत म्हणालात."

झोपाळा थांबला. "कुणाच्या मोबाइलवर फोटो बघितला असेल."

"असेल. पण बुरुजाची भिंत दीड हाताची आहे, सर. खरा बुरूज भरीव आहे, कॅमेऱ्यात सगळ्यांनी बघितला. दीड हात दगड आणि आत माती असा बुरूज जगात एकाच ठिकाणी आहे, तुमच्या त्या वेळच्या अहवालात. वर्गात तुम्ही तो दरवर्षी फळ्यावर काढायचात. आम्ही वह्यांत उतरवून घ्यायचो."

बापूसाहेबांनी झोपाळ्याच्या कड्या धरल्या. उमादेवी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्याच बोलल्या.

"सांगून टाका आता. श्रावणात हैदराबादची दोन पोरं मशीन घेऊन आली होती, गुडघे बांधून तुम्ही त्यांच्या गाडीत बसलात, वेशीपाशी खाली उतरणार नाही म्हणून. मी नको म्हणत होते."

"मला करून बघायचं होतं," बापूसाहेब म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता, एकदम म्हाताऱ्या माणसाचा होता. "खरंच, विनीता. फसवायला नाही गेलो. म्हटलं, त्या पोराला जमतं तर मला का नाही? महिना महिना बसलो. सगळी वेस भरली, डावा बुरूज काही भरेना. मुळ्या सोडवल्या की दुसरीकडे गुंतायच्या. तुला ठाऊक आहे ते."

"ठाऊक आहे."

"मग वाटलं, भरायचाच कशाला? मी तर तो पोकळ म्हणूनच लिहिलाय. दीड हात दिला. हादरे दिले. पडला." त्यांनी पत्नीच्या हातातला कप घेतला. "पडलेला बघून मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. मग माइकवरचं ते वाक्य आठवलं. अन् फाइल बदलली."

"लोक राहतात तिथे, सर. वेस पाडली असती."

"हो."

"आणि त्या पोराचं कंत्राट गेलं असतं."

"हो." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "आणि तुला ते नको होतं?"

विनीताला खोटं बोलता आलं असतं. "हवं होतं," ती म्हणाली.

"मग अजूनही सोमवार आला नाही."

इथे ती खरोखर थांबली. कट्यारीचं तिच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. 'भरण राहून गेलं', एवढे तीन शब्द लिहिले की झालं. कॉरिडॉरमधलं चित्र उतरलं असतं. केबिनकडे जाताना थांबावं लागलं नसतं. ते चित्र नसलेली भिंत तिला दिसलीसुद्धा, आणि छान वाटली.

"एक सांगा, सर. विभागात एवढी माणसं आहेत. तपासाला मलाच का निवडलंत? चुका काढण्यात माझा हात कुणी धरत नाही म्हणून?"

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. "नाही. तुझा त्याच्यावर जीव जळतो म्हणून. पोकळी दिसली की तू पुढे बघणार नाहीस असं वाटलं. तू माझ्यासारखी आहेस, विनीता. पहिल्यापासून."

सरांच्या वर्गात बसायला लागल्यापासून जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते वाक्य आज ऐकायला मिळालं.  उमादेवींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने हळूच बाजूला केला. मग तिथेच, सरांच्या समोर, तिने पर्समधून फोन काढला आणि आनंदराजचा नंबर लावला.

"घरची साल घेऊन सोमवारी बैठकीला ये," ती म्हणाली. "त्या साहेबांना आणि सरजाबाईलाही बोलावते. सगळ्यांसमोर बुरूज पहिल्यापासून भरायचा, म्हणजे मागाहून सारवासारव केली असं कुणी म्हणणार नाही. मी शेजारी बसेन. फाइल कुणी बदलली तेही मीच सांगेन."

"मॅडम, तुमचे आभार कसे..."

"मानू नकोस."  झोपाळ्यावरचा माणूस ऐकत होता, ऐकू दे. "तुझं चांगलं झालेलं मला बघवत नाही, आनंदराज. हे सगळं करूनही बघवणार नाही. तुला खरं कळलेलं बरं."

पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला. मग तो शांतपणे म्हणाला, "माहीत हाय मॅडम. किती वाजता येऊ?"